हौशी डायव्हरसाठी रिब्रीदर : निवडीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

हौशी डायव्हरने कोणता रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून, ऑक्सिजन मिसळून पुन्हा श्वासात घेऊ देणारे यंत्र) घ्यावा हा प्रश्न जेमतेम तीन दशकांचा आहे, यंत्र मात्र त्याहून बरेच जुने. एका ब्रिटिश संशोधकाने 1878 मध्ये बनवलेले ऑक्सिजन-उपकरण दोन वर्षांनी सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात भरलेल्या पाण्यातून वाट काढण्यासाठी वापरले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात अशाच उपकरणांनी नौदलांच्या डायव्हरना बुडबुडे न सोडता शत्रूच्या बंदरात शिरता आले. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरखाली झटके आणू शकतो, ही मर्यादा त्या काळी जीव गमावून कळली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे तो सोडणारे मिश्रवायूचे यंत्र नागरी बाजारात आले, पण काही मृत्यूंनंतर ते मागे घेतले गेले.

आजच्या बाजाराचा पाया 1990 च्या दशकात घातला गेला. आधी जर्मनीतून अर्धबंद पद्धतीची, म्हणजे थोडा वायू बाहेर सोडत राहणारी, यंत्रे आली. त्यांत नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण) ठरावीक दराने आत येत राहतो आणि सेन्सरशिवायही काम चालते, म्हणून ती नवशिक्यांसाठी सोपी मानली गेली. परंतु डायव्हरचे श्रम वाढले की तेवढ्याच पुरवठ्यात श्वासातला ऑक्सिजन घटतो, ही उणीव त्या सोपेपणाच्या आड झाकली जात होती. 1997 मध्ये इंग्लंडमधून ‘इन्स्पिरेशन’ हे पूर्ण बंद, इलेक्ट्रॉनिक यंत्र विक्रीस आले आणि लष्कराशी संबंध नसलेल्या माणसालाही पैसे भरून, प्रशिक्षण घेऊन असे यंत्र मिळू लागले. युरोपचे रिब्रीदरविषयक मानक त्यानंतर, 2003 मध्ये आले. थंड पाण्यात, 40 मीटरच्या दाबाखाली, ठरलेल्या श्वसनदराने, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना किती वेळ टिकतो आणि श्वास घेण्यास किती जोर लागतो, हे त्यात मोजले जाते. यंत्र प्रयोगशाळेत काय करते एवढेच त्यावरून कळते. दुकानात मात्र मानक पार केल्याच्या चिन्हाचा अर्थ ‘सुरक्षित’ असाच लावला गेला.

खरा वाद पेटला तो 2011 च्या सुमारास, जेव्हा प्रशिक्षण देणाऱ्या एका मोठ्या संस्थेने हौशी वापराच्या यंत्रांचा स्वतंत्र वर्ग ठरवला. या वर्गातील यंत्राने सेटपॉइंट (श्वासातल्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या वाट्याची, ठरवलेली पातळी) स्वतः सांभाळावा, सिलिंडरची झडप बंद राहिली किंवा चुन्याचे डबडे बसवायचे राहून गेले तर डायव्हरला इशारा द्यावा, चुना सुटा न भरता तयार डब्यात यावा, डोळ्यांसमोर इशाऱ्याचा दिवा असावा आणि तोंडातून माउथपीस न काढता खुल्या पुरवठ्यावर, म्हणजे सोडलेला श्वास पाण्यात जाऊ देणाऱ्या साध्या पद्धतीवर, जाता यावे, अशा अपेक्षा होत्या. त्या बदल्यात डायव्हरने वर येताना थांबे घ्यावे न लागणाऱ्या आणि 40 मीटरच्या आतल्या डायव्हपुरतेच राहावे असे ठरले. तांत्रिक, म्हणजे या मर्यादांपलीकडचे, डायव्हिंग करणाऱ्या अनुभवी मंडळींना हे रुचले नाही. ज्याला आपल्या श्वासातला ऑक्सिजनचा आंशिक दाब स्वतः पाहून समजत नाही त्याने हे यंत्र अंगावर घेऊच नये, यंत्राला हुशार करून माणसाला आळशी बनवू नये, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते. परंतु अपघातांच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका, म्हणजे बंद राहिलेली झडप, चालू न केलेले नियंत्रक, मुदत संपलेले सेन्सर, या अज्ञानातून होत नाहीत. वर्षानुवर्षे डायव्ह करणारा माणूसही घाईच्या सकाळी त्या करतो, आणि तिथे शिकवणीपेक्षा इशाराच कामाला येतो. म्हणून तपासण्यांची सक्ती योग्यच होती. ‘हौशी’ हे लेबल लावल्यामुळे यंत्र सौम्य झाल्याचा जो समज पसरला, तो मात्र घातक होता.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने हा समज खोडून काढला. 1998 ते 2010 या काळातील 181 मृत्यूंचा आढावा घेऊन त्यात बंद रिब्रीदरवरील मृत्यूचा धोका खुल्या पद्धतीच्या सुमारे दहापट असल्याचा अंदाज मांडला होता. हाताने ऑक्सिजन सोडायची यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे यांच्या मृत्युदरात फरक आढळला नव्हता, आणि सुमारे दोनतृतीयांश मृत्यूंमागे धोक्याचे वर्तन किंवा मुळातच धोक्याची डायव्ह होती. कोणते मॉडेल अधिक सुरक्षित यावर रात्र रात्र चालणाऱ्या चर्चेला हे निष्कर्ष फारसे सोयीचे नव्हते. त्याआधी, 2012 मध्ये ऑर्लँडोत भरलेल्या परिषदेतही भर यंत्रांपेक्षा लेखी तपासणी-यादीवर आणि शुद्ध हरपल्यावर माउथपीस तोंडातच ठेवणाऱ्या पट्ट्यावर होता. पट्टा स्वस्त असतो, पण तो लावताना अनेकांना कमीपणा वाटतो.

सेन्सरचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. तीन सेन्सर बसवून वेगळे बोलणाऱ्याला बाद करण्याची पद्धत विश्वासार्ह मानली गेली. पण तिन्ही एकाच खेपेचे आणि एकाच वयाचे असले तर दोन एकाच वेळी थकतात आणि बरोबर असलेला तिसराच बाद ठरतो. एका स्वीडिश यंत्राने दोनच सेन्सर ठेवून, डायव्ह चालू असताना मुख्य सेन्सरवर माहीत असलेला वायू सोडून त्याची परीक्षा घेण्याचा मार्ग धरला. माझ्या मते सेन्सरची संख्या वाढवण्यापेक्षा हा विचार पुढचा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत इतकीही सोय बहुतेक यंत्रांत नाही. चुना किती उरला हे तापमानावरून किंवा वेळेवरून अजमावले जाते आणि धाप लागल्याचे लक्षात येईपर्यंत विचारशक्ती मंदावू लागलेली असते.

युरोपीय मानकाची सुधारित आवृत्ती 2013 मध्ये आली. तिच्या आधीची अनेक यंत्रे आजही दुसऱ्या हाताने विकली जातात. त्यांवरील चिन्ह त्या त्या काळच्या कसोटीचे असते, आणि मूळ मालकाने नंतर नियंत्रक, काउंटरलंग (श्वासाची पिशवी) किंवा चुन्याचे डबडे बदलले असेल तर त्या बदललेल्या यंत्राची कसोटी कोणीच घेतलेली नसते.