मगाशीच तर रक्त घेतलं ना?

छातीत दुखतंय म्हणून घरच्या कुणाला कॅज्युअल्टीत नेलं की ईसीजी लगेच निघतो, रक्त जातं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दोन-तीन तासांनी सिस्टर परत सुई घेऊन हजर. मग बाहेरच्या बाकड्यावरचे काका भडकतात, अहो मगाशीच तर घेतलं, बिल वाढवायला का परत?

ही भानगड समजायची तर जरा मागे जावं लागतं. ईसीजीचं मशीन १९०१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेन या डॉक्टरांनी बनवलं. ते खोलीभर होतं आणि पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागायचं, आता थंडगार जेलवर भागतं. १९२४ ला त्यांना नोबेल मिळालं. पण ईसीजी दाखवतो तो त्या क्षणाचा करंट, ॲटॅक येऊनही पट्टी साफ निघू शकते. म्हणून रक्तात पुरावा शोधायला लागले, १९५४ मध्ये एसजीओटी नावाचं एन्झाइम सापडलं, पण ते लिव्हर बिघडलं तरी वाढतं, मग सीपीके हे दुसरं एन्झाइम आलं, ते स्नायूला मार लागला तरी वाढतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत कॅटस या डॉक्टरांच्या टीमने ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रोटीनची, टेस्ट बसवली आणि २००० साली युरोप-अमेरिकेच्या हार्टवाल्या संघटनांनी ॲटॅकची व्याख्याच त्याभोवती बांधली.

गोम अशी की हृदयाचा स्नायू दुखावला तरी ट्रोपोनिन रक्तात दिसायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर तासाभरात पोचलात तर पहिला आकडा नॉर्मल येऊच शकतो, आणि किडनीच्या पेशंटमध्ये तो आधीपासूनच वाढलेला असू शकतो, त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. टेस्ट जास्त सेन्सिटिव्ह झाल्या तसं दोनदा रक्त घेण्यातलं अंतर कमी झालं, युरोपच्या गाइडलाइनमध्ये २०११ ला तीन तास होतं, २०१५ ला एका तासाचाही पर्याय आला.

हे सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण गर्दीत ती राहूनच जातात. नॅशनल ह्यूमन राइट्स कमिशनच्या २०१८ च्या पेशंट हक्कांच्या यादीत माहिती मिळण्याचा हक्क आहे, कॅज्युअल्टीत ती यादी वाचायला कोण थांबतंय म्हणा.

आमच्या मामाच्या केसपेपरवर 'ट्रॉप आय ०/३' लिहिलेलं, म्हणजे ट्रोपोनिनची टेस्ट आत्ता एकदा आणि तीन तासांनी एकदा. मामीने ते तीनपैकी शून्य असं वाचलं आणि घरी फोन करून सांगितलं, काही नाही निघालं, आम्ही निघतोच आता.