अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा: अजिंठ्याचा नियम लंकेत लावू नका

श्रीलंकेच्या सहलींच्या पत्रकात 'अनुराधपूर किंवा पोलोन्नरुवा' असं सर्रास छापलेलं असतं. एक बघितलं की दुसरं बघितल्यात जमा, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. दोन्ही जुन्या सिंहली राजधान्या, दोन्हीकडे विटांचे डोंगराएवढे स्तूप, दोन्हीकडे दगडी खांबांची रानं आणि शेजारी तळी, दोन्ही १९८२ साली युनेस्कोच्या यादीत आलेली. फोटोंची सरमिसळ होते ती यामुळेच. पण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा त्यावर आणखी एक गोंधळ असतो, आणि तो जास्त नुकसान करतो: अजिंठ्याला शिकलेला नियम लंकेत तसाच्या तसा लावायचा.

आधी वरवरचे फरक, कारण त्यांत अडकण्यासारखं काही नाही. अनुराधपूर जुनं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून ते दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांनी लुटेपर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी. पोलोन्नरुवा नंतरचं. चोळांनी तिथून कारभार केला, १०७० साली पहिल्या विजयबाहूने त्यांना हुसकावलं, पहिल्या पराक्रमबाहूने (११५३ ते ११८६) आणि निश्शंकमल्लाने (११८७ ते ११९६) शहर सजवलं, आणि तेराव्या शतकात कलिंगच्या माघाच्या स्वारीनंतर ते ओस पडत गेलं. अनुराधपूर चहूकडे पसरलेलं, पोलोन्नरुवा उत्तर-दक्षिण एका रेषेत. बोधिवृक्ष अनुराधपुरात, कातळात कोरलेल्या बुद्धमूर्तींचा गल विहार पोलोन्नरुवात. एवढं कुठलाही गाईड सांगतो.

आता खरा मुद्दा. अजिंठ्याला ९ आणि १० क्रमांकाच्या चैत्यगृहांत नुसता स्तूप आहे, आणि १९ आणि २६ मध्ये स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली आहे. यावरून आपण सगळे शाळेपासून एक सूत्र घोकत आलो: स्तूप म्हणजे हीनयान, मूर्ती म्हणजे महायान. हे सूत्र डोक्यात ठेवून माणूस लंकेत उतरतो. अनुराधपुरात त्याला एकामागून एक प्रचंड स्तूप दिसतात, तो 'हीनयान' म्हणून खूण करतो. दोन दिवसांनी पोलोन्नरुवात गल विहाराच्या भव्य मूर्ती दिसतात, तिथे 'महायान' अशी दुसरी खूण. परत आल्यावर तो हेच दहा जणांना सांगतो. कित्येक मराठी प्रवासवर्णनांत हेच वाचायला मिळतं. आणि वस्तुस्थिती जवळजवळ बरोबर उलटी आहे.

लंकेत महायान जोरात होतं ते अनुराधपुरात. पोलोन्नरुवातल्या त्या मूर्ती घडवून घेणारा पराक्रमबाहू महाविहार या थेरवादी मठाच्या शिस्तीचा कडवा पुरस्कर्ता होता. ('हीनयान' हा शब्दच लंकेत वापरू नका. भिक्खूंसमोर तर मुळीच नको. तो विरोधकांनी लावलेला हिणवणारा शब्द आहे. तिथे म्हणायचं 'थेरवाद'.)

हे नीट कळायचं तर अनुराधपुराकडे शहर म्हणून न पाहता तीन प्रतिस्पर्धी महामठांची वस्ती म्हणून पाहावं लागतं. पहिला महाविहार: अशोकपुत्र महिंद आल्यावर देवानंपिय तिस्स राजाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दिलेला. महावंस या लंकेच्या पाली बखरीत त्या काळच्या धर्मप्रसारकांची जी यादी आहे, तिच्यात महिंद लंकेला आणि महाधम्मरक्खित 'महारट्ठा'ला पाठवल्याचं सांगितलं आहे, म्हणजे परंपरेच्या हिशेबात आपण आणि लंका एकाच तुकडीतले. दुसरा अभयगिरी: इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी अभय, म्हणजे सिंहलीत वलगंबा, याने स्थापलेला. भिक्खूंमध्ये फूट पडली ती इथे. अभयगिरीने भारतातून येणारे नवे विचार दार उघडं ठेवून घेतले. तिथे संस्कृत धारणी, म्हणजे मंत्रांसारखे महायानी पाठ, कोरलेल्या शिला सापडल्या आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान लंकेत दोन वर्षं होता, त्यानेही अभयगिरीचं वैभव वर्णिलं आहे. तिसरा जेतवन: महासेन राजाने महाविहाराशी वैर धरून, त्यांच्याच आवारात उभारलेला. इथल्या उत्खननात सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्रज्ञापारमिता ग्रंथ मिळाला, म्हणजे अस्सल महायान वाङ्मय.

म्हणून अनुराधपुरात 'हा मोठा स्तूप, तो त्याहून मोठा स्तूप' असं मोजत हिंडण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच: हे कोणत्या विहाराचं? रुवनवेलिसाय आणि थूपाराम महाविहाराचे. अभयगिरीचा स्तूप त्या विहाराचा, आणि समाधी बुद्ध, जुळी तळी म्हणजे कुट्टम पोकुण, रत्नप्रासादाचा सुंदर द्वारपाल, हे सगळं त्याच परिसरातलं. जेतवनाचा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता, आज ७१ मीटरच्या आसपास उरला आहे. त्यात नऊ कोटींहून जास्त विटा आहेत असा अंदाज केला जातो. एका राजाने एवढा खटाटोप नुसत्या श्रद्धेपोटी केला नाही, समोरच्या विहाराला खुजं ठरवायचं होतं, हे लक्षात आलं की त्या विटांचा ढीग बोलायला लागतो. एक सावधगिरी: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकांनी अभयगिरी आणि जेतवन यांची नावं एकमेकांना चिकटवली होती. जुनी पुस्तकं आणि जुने फोटो बघून जाणार असाल तर नावं उलटी धरून वाचा.

मग अनुराधपुरात मूर्ती नव्हत्या का? भरपूर होत्या. समाधी बुद्ध समोर आहेच, आणि तिथून दक्षिणेला औकण इथे बारा मीटरच्या आसपास उंचीची उभी मूर्ती आहे. तिथली मूर्तिगृहं, म्हणजे पिळिमगे, बहुतेक दगडी खांबांवर लाकडी छप्पर टाकून बांधलेली होती. लाकूड गेलं, खांब उरले, आणि आपण त्यांना 'रिकामे मंडप' समजून पुढे जातो. पोलोन्नरुवात मूर्तिगृहं जाड विटांच्या भिंतींची आणि विटांच्याच कमानदार छताची बांधली गेली, त्यांना गेडिगे म्हणतात. ती निदान खांद्यापर्यंत तरी टिकली. लंकातिलकाच्या भिंती आजही सतरा मीटर उंच आहेत आणि आतली विटा-चुन्याची उभी मूर्ती शिर नसतानाही अंगावर येते. म्हणजे दोन शहरांत दिसणारा फरक पंथाचा कमी आणि बांधकामाच्या सामानाचा जास्त आहे.

शिवाय थेरवादात मूर्ती मुळीच वर्ज्य नाही. पूज्य वस्तूंचे तीन प्रकार मानतात: शरीरधातू, बुद्धांनी वापरलेली वस्तू आणि त्यांची आठवण करून देणारी वस्तू. स्तूप पहिल्यात, बोधिवृक्ष दुसऱ्यात, मूर्ती तिसऱ्यात. लंकेतल्या कुठल्याही खेड्यातल्या देवळात ही तिन्ही एका आवारात असतात.

आता पोलोन्नरुवा. ११६५ साली पराक्रमबाहूने तिन्ही निकायांच्या, म्हणजे तिन्ही विहारांच्या परंपरेतल्या, भिक्खूंना एकत्र आणून महाविहाराच्या शिस्तीखाली घातलं. अभयगिरी आणि जेतवनाचं वेगळं अस्तित्व तिथे संपलं. याचा पुरावा संग्रहालयात शोधायला नको. गल विहारात मूर्ती ज्या कातळात आहेत त्याच कातळावर, त्यांच्या शेजारी, राजाने भिक्खूंसाठी घालून दिलेली आचारसंहिता (कतिकावत) कोरलेली आहे. बहुतेक लोक त्या लेखाकडे पाठ फिरवून झोपलेल्या बुद्धाचा फोटो काढतात. तुम्ही आधी लेखासमोर उभे राहा. 'मूर्ती म्हणजे महायान' याचं उत्तर त्याच भिंतीवर आहे.

मग मूर्ती बघा, घाई न करता. एकाच कातळातून चार: ४.६ मीटरची बसलेली, कोरलेल्या गुहेतली छोटी, सात मीटरची छातीवर हात घेतलेली उभी, आणि चौदा मीटरची आडवी. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातलं महापरिनिर्वाण साधारण सात मीटरचं आहे, म्हणजे इथे त्याच्या दुप्पट. आडव्या मूर्तीच्या पायांकडे जा. वरचा पाय खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेला आहे, अंगठे जुळत नाहीत. हे परिनिर्वाणाचं चिन्ह. नुसती विश्रांती दाखवायची असती तर पावलं एकावर एक नीट जुळली असती. मग डोक्याकडे या: उशी डोक्याच्या भाराने दबलेली आहे. कठीण दगडात मऊ उशी दबलेली दाखवणं हे त्या शिल्पकारांचं मोठेपण. उभ्या मूर्तीला शोक करणारा शिष्य आनंद म्हणायची जुनी पद्धत आहे. आज बहुतेक अभ्यासक ती बुद्धाचीच मानतात. गाईड अजूनही 'आनंद' सांगत असेल तर बाकीची माहितीही तपासून घ्या.

नावांचे दोन सापळे. थूपाराम दोन्हीकडे आहे: अनुराधपुरातला स्तूप, लंकेतला पहिला मानला जाणारा, पोलोन्नरुवातलं मात्र विटांचं मूर्तिगृह. आणि किरी वेहेर, रनकोत वेहेर हे स्तूप आहेत, भिक्खू राहायचे ते विहार नव्हेत.

फोटो कुठला, हे ओळखायची एक खात्रीची जागा म्हणजे पायरीखालची अर्धवर्तुळाकार शिळा, संदकड पहण. अनुराधपुरात एकाच पट्टीत हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागून एक चालताना दिसतात, आत वेल, मग हंस, मधोमध कमळ. पोलोन्नरुवात हत्ती आणि घोडे आपापल्या वेगळ्या पट्टीत, बैल सहसा गायब आणि सिंहही. बैलावर पाय पडू नये म्हणून तो काढला, कारण शहरात शैव वस्ती होती, असं सहसा सांगितलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे: चोळकालीन दगडी शिवमंदिर (शिव देवाले क्र. २) जवळच उभं आहे. अनुराधपुरातली सर्वात देखणी शिळा अभयगिरी परिसरातल्या 'महासेनाच्या राजवाड्या'पाशी आहे. नावावर जाऊ नका, तो राजवाडा नव्हे, भिक्खूंच्या वापरातली इमारत आहे. पोलोन्नरुवातली बघायची ती वटदागे या गोल स्तूपगृहाच्या उत्तर दारापाशी.

आता पायांचं आणि वेळेचं. दोन शहरांत शंभरेक किलोमीटर अंतर आहे, हबरण मधे पडतं. तिथे मुक्काम केला की दोन्ही स्वतंत्र दिवशी होतात. एकाच दिवसात दोन्ही दाखवणारी सहल घेऊ नका. तसल्या सहलीत अनुराधपूर म्हणजे बोधिवृक्ष आणि रुवनवेलिसाय एवढंच उरतं, अभयगिरी हमखास गळतं, आणि अभयगिरी गळलं की वर सांगितलेलं सगळं गळलं. बुकिंग करतानाच विचारा: अभयगिरीला किती वेळ? दोन तासांपेक्षा कमी असेल तर दुसरा गाईड बघा, आणि तो परवाना असलेला बघा.

अनुराधपुरात सकाळी लवकर बोधिवृक्ष, तिथून लोवामहापाया या जुन्या इमारतीच्या उरलेल्या सोळाशे दगडी खांबांजवळून रुवनवेलिसायपर्यंत पायी. हे चालतं पूजास्थान आहे: खांदे-गुडघे झाकलेले, शक्यतो पांढरे कपडे, टोपी-चपला बाहेर. दहानंतर फरशी भाजते, म्हणून जाड मोजे सोबत ठेवा, मोजे चालतात. पुढे थूपाराम, जेतवन, आणि दुपारनंतर झाडीतलं अभयगिरी, रिक्षाने. पौर्णिमेला, त्यातही जूनच्या पोसोन पौर्णिमेला, पूजेसाठी जाणाऱ्यांनी जरूर जावं, अवशेष बघायला जाणाऱ्यांनी टाळावं.

पोलोन्नरुवात तिकीट तळ्याकाठच्या संग्रहालयात मिळतं. संग्रहालय आधी बघा, तिथल्या प्रतिकृतींवरून इमारतींची छतं कशी होती ते कळतं. मग सायकल भाड्याने घेऊन दक्षिणेकडून उत्तरेकडे: राजवाडा, दळदा मळुव (बुद्धांच्या दंतधातूचं आवार), रनकोत, लंकातिलक, किरी वेहेर, गल विहार. तिवंक मूर्तिगृह सगळ्यात शेवटी आणि थोडं लांब, म्हणून लोक गल विहारावरूनच परततात. आतली भित्तिचित्रं अजिंठा पाहिलेल्या माणसाने चुकवू नयेत. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी कुठेही नको, रखवालदार हटकतात आणि बरोबरच करतात. भारतीय पासपोर्ट मूळ प्रतीत सोबत ठेवा. सार्क देशांसाठी सवलतीचा दर लागू असेल तर तो पासपोर्ट दाखवल्यावरच मिळतो.

क्रम मात्र हाच: आधी अनुराधपूर, मग पोलोन्नरुवा. आधी भांडणारे तीन विहार बघायचे, मग त्यांना एक करणाऱ्या राजाचा लेख वाचायचा. उलट गेलात तर गल विहारातला तो लेख कशाबद्दल आहे हेच कळणार नाही.