पन्नासाव्या वर्षाची अट: विसरलेले बँड आणि बंद पडलेले अल्बम

विस्मृतीत गेलेल्या एखाद्या पॉप बँडचा अल्बम चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा निघतो, तेव्हा त्याची बातमी बहुतेक ठरलेल्या साच्यातली असते. गाणी काळाच्या पुढची होती, तेव्हाच्या लोकांना कळली नाहीत, आता कळताहेत. ऐकायला छान वाटतं. पण लोकांना कळण्या-न कळण्याची वेळ बऱ्याचदा आलेलीच नसते, कारण अल्बम दुकानात पोचलेलाच नसतो.

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बिग स्टार या बँडचं उदाहरण यासाठी नेहमी देतात, आणि ते चपखल आहे. त्यांचा पहिला अल्बम १९७२ मध्ये आला. समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. पण ज्या कंपनीकडे वितरण होतं, तिने त्याच सुमारास आपलं सगळं वितरण दुसऱ्या बड्या कंपनीकडे सोपवलं, आणि त्या बड्या कंपनीला या चार पोरांच्या गिटारींमध्ये काडीचा रस नव्हता. परीक्षण वाचून दुकानात गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. १९७४ मध्ये दुसरा अल्बम आला, त्याचीही तीच गत झाली. तिसरा त्याच वर्षी ध्वनिमुद्रित होऊन १९७८ पर्यंत पडून राहिला. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले दोन अल्बम जोडीने निघाले, आणि मग कुठे पुढच्या पिढीच्या बँडवाल्यांच्या हाती ते लागू लागले.

एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकड्यांच्या काळात अल्बम बंद करणं ही रोजची गोष्ट होती. विक्री मंदावली की कंपनी तो कॅटलॉगमधून काढायची, उरलेल्या प्रतींच्या कव्हरचा कोपरा कापायची किंवा त्याला भोक पाडायची, आणि गठ्ठेच्या गठ्ठे स्वस्तात फुंकून टाकायची. या ‘कटआउट’ प्रतींवर कलाकाराला सहसा रॉयल्टी मिळत नसे. कोपरा कापलेला जुना एलपी हाती आला, तर समजावं की कंपनीने त्या अल्बमचा हिशेब तेव्हाच मिटवला होता. हक्क मात्र तिने सोडला नव्हता. करारानुसार मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाची टेप) कंपनीच्या मालकीचा, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा बँडच्याच रॉयल्टीतून वळता करून घेतलेला. अल्बम बाजारात ठेवण्याचं बंधन कंपनीवर नाही, आणि ती विकत नाही म्हणून बँडला तो दुसरीकडे नेण्याची मुभाही नाही. पुढच्या साऱ्या भानगडींचं मूळ या एकतर्फी व्यवस्थेत आहे.

मग कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या. तिघा-चौघांनी हौसेने काढलेल्या लेबलचा, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीचा, कॅटलॉग मोठ्या कंपनीकडे गेला, तिचा आणखी मोठ्या कंपनीकडे. अशा दोन-तीन उड्या झाल्या की मूळ करार कुठल्या खोक्यात आहे हे सांगणारा माणूसच उरत नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी विक्रीला आली आणि जुना माल दुसऱ्यांदा विकायची सोय झाली, पण पाळी खपणाऱ्या नावांची आधी लागली. कित्येक अल्बम एलपीवरून सीडीवर कधी पोचलेच नाहीत. सीडीवरून इंटरनेटवर जाताना आणखी गळती झाली.

टेपचं दुखणं वेगळं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांमधला बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर बांधून ठेवणारा पदार्थ, हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. तशी टेप थेट वाजवली तर चुंबकीय थर खरवडून निघतो, म्हणून ती आधी ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास चक्क भाजावी लागते आणि मग घाईने उतरवून घ्यावी लागते. मास्टर सापडलाच नाही, तर बऱ्या स्थितीतला एलपी शोधून त्यावरूनच आवाज उतरवतात. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्यात जळालेल्या मास्टरांचा मोठा आकडा जगासमोर आला तो २०१९ मध्ये, आणि तो फुगवलेला आहे असं कंपनीचं म्हणणं आहे.

‘अल्बम पडून ठेवलात तर हक्क जाईल’ असं कायद्याने कंपन्यांना ठणकावलं ते युरोपात. पुनर्प्रकाशनाच्या चर्चेत हा भाग कोपऱ्यात ढकलला जातो, म्हणून इथे तो जरा विस्ताराने.

युरोपात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ५० वर्षं संरक्षण होतं. साठच्या दशकातली पॉप गाणी या मुदतीच्या काठाशी येऊ लागली, तशी रेकॉर्ड कंपन्यांची चुळबुळ सुरू झाली. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या एका अभ्यासाने मुदत वाढवू नका असं बजावलं. तरीही जुलै २००८ मध्ये युरोपीय आयोगाने प्रस्ताव आणला, तोही थेट ९५ वर्षांचा. पुढच्या वर्षी युरोपीय संसदेने तो ७० वर आणला. मग सदस्य देशांच्या परिषदेत तो दोन वर्षं अडकला आणि सप्टेंबर २०११ मध्ये मंजूर झाला. आठ देश विरोधात होते, दोन तटस्थ. आपापल्या कायद्यात बदल करायला देशांना १ नोव्हेंबर २०१३ पर्यंतची मुदत मिळाली.

समर्थकांचा मुद्दा माणुसकीचा होता. विशीत स्टुडिओत वाजवलेल्या वादकाचं उत्पन्न ऐन म्हातारपणी थांबावं का? त्यासाठी वाढीव वीस वर्षांतल्या उत्पन्नाचे २० टक्के, एकरकमी मोबदल्यावर हक्क सोडून दिलेल्या साथीदार वादकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद झाली. विरोधकांत अर्थतज्ज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक होते. वाढीव मुदतीचा मलिदा कंपन्या आणि मूठभर तारे यांच्याच पदरात पडेल, हे त्यांचं म्हणणं. माझा कल त्यांच्याकडे आहे. साठच्या दशकात बंद पडलेल्या अल्बमला आणखी वीस वर्षं कुलूप लावून त्यातल्या गायकाला काय मिळणार होतं?

या आक्षेपाला उत्तर म्हणूनच मसुद्यात एक कलम आलं: वापरा, नाहीतर गमवा. कागदावर ते विसरलेल्या बँडसाठीच लिहिल्यासारखं दिसतं. ५० वर्षांनंतर कंपनी पुरेशा संख्येने प्रती विक्रीला ठेवत नसेल, किंवा लोकांना हव्या त्या वेळी हव्या त्या ठिकाणाहून ऐकता येईल असं ते ध्वनिमुद्रण उपलब्ध करत नसेल, तर कलाकार करार संपवण्याची नोटीस देऊ शकतो. कंपनीला एक वर्ष मिळतं. तेवढ्यात तिने हालचाल केली नाही तर करार संपतो आणि त्या ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्कही संपतो. कलाकाराला हा अधिकार करारात लिहून देऊन सोडताही येत नाही.

गोम त्या एका वर्षाच्या वाक्यात आहे. पहिल्या वाक्यात ‘किंवा’ आहे, दुसऱ्यात ‘दोन्ही’. नोटिशीनंतर वर्षभरात कंपनीने ‘दोन्ही’ गोष्टी केल्या नाहीत तर करार संपेल. म्हणजे दोन्हींपैकी एकही केली नाही तर, की दोन्ही मिळून केल्या नाहीत तर? पहिला अर्थ धरला तर कंपनीने जुन्या एलपीवरून उतरवलेला खरखरता आवाज एखाद्या स्ट्रीमिंग सेवेवर चढवला की सुटली. दुसरा धरला तर तिला प्रतीही विक्रीला ठेवाव्या लागतील. २००८ साली मसुदा लिहिणाऱ्यांसमोर प्रतींचा बाजार होता. कलम अमलात येईपर्यंत स्ट्रीमिंगचे दिवस आले होते, आणि अल्बम ‘उपलब्ध’ ठेवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला होता.

‘पुरेशी संख्या’ म्हणजे किती, हेही तसंच मोघम. ब्रिटिश नियमांनी त्याचा अर्थ लोकांची वाजवी गरज भागेल इतकी, असा लावला. ज्या बँडचं नावच कोणी ऐकलेलं नाही, त्याची वाजवी गरज कशी मोजणार? मागणी नाही म्हणून प्रती नाहीत, प्रती नाहीत म्हणून मागणी नाही. आणि या फेऱ्याचा फायदा ज्याने अल्बम बंद केला त्यालाच.

शिवाय बँड म्हणजे एक माणूस नव्हे. अनेकांचं सादरीकरण असेल तर हा अधिकार कसा वापरायचा, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडलं आहे. पन्नास वर्षांत एखादा गेलेला असतो, एकाचं दुसऱ्याशी बोलणं बंद असतं, तिसऱ्याला तो काळ आठवायचाच नसतो. सगळे जमले आणि जिंकले, तरी कलम बोलतं ते हक्कांबद्दल. मास्टर टेप ज्या गोदामात आहे तिथून ती बँडच्या हाती कशी यावी, यावर ते गप्प आहे. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा कॉपीराइट पूर्णपणे वेगळा, त्याला हे कलम लागूच नाही.

याच मुदतीच्या हिशेबाने एक गंमतही घडवली. वाढीव मुदत मिळते ती प्रकाशित ध्वनिमुद्रणाला. अप्रकाशित राहिलेलं ५० वर्षांनी संरक्षणातून सुटतं. त्यामुळे २०१२ च्या अखेरीस एका जगप्रसिद्ध अमेरिकन गायकाची पन्नास वर्षं जुनी अप्रकाशित गाणी युरोपात जेमतेम शंभरेक प्रतींत निघाली. उद्देश लपवायची तसदीही कंपनीने घेतली नाही, मुदतवाढीचा उल्लेख शीर्षकातच होता. २०१३ च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या त्या सुप्रसिद्ध चौकडीची, बीटल्सची, १९६३ मधली अप्रकाशित ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर विक्रीला आली. विसरलेल्यांच्या नावाने केलेल्या कायद्याने कपाटं उघडली ती सर्वाधिक लक्षात असलेल्यांची.

अटलांटिकच्या पलीकडे वेगळा मार्ग आहे. अमेरिकेत १९७८ पासून दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागता येतात, म्हणजे पहिली संधी २०१३ मध्ये. फक्त काम नोकरीचा भाग म्हणून करून घेतलेलं नसावं. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथल्या एका विधेयकात गुपचूप दुरुस्ती घुसवून ध्वनिमुद्रणांना नेमकं त्याच सदरात टाकलं गेलं. कलाकारांनी इतका गदारोळ केला की वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. १९७२ च्या फेब्रुवारीपूर्वीची ध्वनिमुद्रणं तर २०१८ पर्यंत संघराज्याच्या कॉपीराइट कायद्यात नव्हतीच. आता ती आली आहेत आणि १९५६ नंतरच्यांना २०६७ पर्यंत संरक्षण आहे.

२०१९ मध्ये युरोपाने पुन्हा एक पाऊल टाकलं. नव्या निर्देशानुसार, हक्क घेऊन काम पडून ठेवलं तर लेखक-कलाकार वाजवी काळानंतर ते परत घेऊ शकतात, त्यासाठी पन्नास वर्षं थांबायची गरज नाही. बाजारातून गेलेली कामं डिजिटल स्वरूपात खुली करायला ग्रंथालयं आणि संग्रहालयांनाही वाट मिळाली. देशांनी आपले कायदे ७ जून २०२१ पर्यंत बदलायचे होते. अनेकांनी ती तारीख चुकवली.

प्रत्यक्षात आज जे अल्बम परत येतात, त्यातले बहुतेक कायद्याची वाट न बघता येतात. एका बंगाली गायिकेचा कॅल्गरीमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, १९८२ मध्ये निघून आपटलेला डिस्को अल्बम आधी व्हिडिओ संकेतस्थळाच्या शिफारशींमधून जगभर पसरला आणि २०१९ मध्ये एका छोट्या अमेरिकन लेबलने तो रीतसर पुन्हा काढला. या छोट्या लेबलांची माणसं जुने फोन नंबर धुंडाळतात, बँडमधल्यांच्या घरी जातात, माळ्यावरची टेप उतरवून आणतात आणि हक्क कोणाकडे आहे ते शोधून परवाना घेतात. बड्या कंपनीकडून मिळणारा हा परवाना सहसा ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही, तर पुनर्प्रकाशित आवृत्तीही बाजारातून काढावी लागते. सीडीच्या काळात गाजावाजा करून परत आलेले काही अल्बम आज याच कारणाने दुसऱ्यांदा बंद आहेत, आणि मास्टर पुन्हा कंपनीच्या गोदामात.