कार्बनाधारित उत्प्रेरक : हवेतील सेंद्रिय बाष्पांसाठी

छपाई, रंगकाम व चिकटद्रव्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या हवेतील बेंझीन, टोल्यूइन, झायलीन यांची बाष्पे कमी तापमानाला जाळून त्यांचे कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी करणारा उत्प्रेरक (स्वतः न खपता क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ). यात प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमचे काही नॅनोमीटर आकाराचे कण सक्रियित (अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेल्या) कोळशावर बसवलेले असतात. असे कण बसवण्यासाठीचा नेहमीचा आधार, ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड), जलरागी म्हणजे पाणी ओढणारा आहे. दमट हवेतले आणि ज्वलनातून निघालेले पाणी त्यावर साचते व क्रिया मंदावते. कोळसा पाणी धरत नाही, पण बाष्पे धरतो, म्हणून २००° से.च्या खालीही टोल्यूइन पूर्ण जळू शकते.

पण हा आधार स्वतःच जळणारा आहे, आणि सगळी काळजी त्यापायी घ्यावी लागते. साधा सक्रियित कोळसा हवेत साधारण ४००° से.च्या आसपास पेटतो. प्लॅटिनम आणि करवंटीच्या कोळशातील पोटॅशियम हे तापमान आणखी खाली आणतात. हवेत १,००० पीपीएम (दहा लाख भागांत १,००० भाग) टोल्यूइन असेल, तर त्याच्या पूर्ण ज्वलनाने हवा सुमारे १२५° से.ने तापते; म्हणजे १८०° से.ला आत गेलेली हवा ३००° से. ओलांडते. ३०० पीपीएमला ही वाढ ४०° से.च्या आत राहते. पंखा बंद पडला की उष्णता उत्प्रेरकाच्या थरातच कोंडते, तेव्हा ऑक्सिजन तोडण्यासाठी नायट्रोजन सोडण्याची सोय हवीच. सायक्लोहेक्झॅनोनसारखी कीटोने विशेष धोक्याची. ती कोळशावर मुरून हळूहळू ऑक्सिडीभूत होतात व थर आतून तापवतात.

तयार करताना कोळसा आधी विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने धुऊन पोटॅशियम काढावे. १० ग्रॅम कोळशावर ०.५ टक्के प्लॅटिनमसाठी हेक्झाक्लोरोप्लॅटिनिक अम्लाचे सहा रेणू पाणी असलेले स्फटिक ०.१३ ग्रॅम लागतात. छिद्रांचे घनफळ ग्रॅममागे ०.६ मिलि. असल्यास द्रावण ६ मिलि.च करावे. नुसते पाणी कोळशात भिनत नाही, म्हणून त्यात एथेनॉल मिसळतात. ११०° से.ला सुकवून हायड्रोजनच्या प्रवाहात ३००° से.ला २ तास क्षपण करावे (म्हणजे प्लॅटिनमचे संयुग धातुरूपात आणावे), नायट्रोजनमध्ये पूर्ण थंड करावे व मग १ टक्का ऑक्सिजनपासून सुरुवात करून सावकाश हवा द्यावी. घाई केल्यास दाणे पेटतात. धातू बारीक पसरावा म्हणून कोळसा नायट्रिक अम्लात उकळण्याची पद्धत आहे. त्याने आलेले कार्बॉक्सिल गट धातू धरतात, पण पाणीही ओढतात. ज्या गुणासाठी कोळसा निवडला तोच त्यात जातो, म्हणून ही प्रक्रिया सौम्यच ठेवावी.

चाचणीत सर्वाधिक फसगत अधिशोषणामुळे, म्हणजे बाष्प कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून राहिल्यामुळे, होते. बाहेरचे टोल्यूइन शून्यावर आले तरी ते जळले असे नाही. कित्येक तास ते छिद्रांत नुसते भरत असते. आधी थर टोल्यूइनने संतृप्त करावा आणि कार्बन डाय-ऑक्साइड मोजावा : टोल्यूइनच्या एका रेणूमागे ७ रेणू. सातापेक्षा जास्त मिळाले, तर आधार जळत असण्याची किंवा आधी साठलेले टोल्यूइन आता जळत असण्याची शक्यता असते. हे ओळखण्यासाठी टोल्यूइन कधीच न लागलेल्या ताज्या नमुन्यावर त्याच तापमानाला नुसती शुद्ध हवा सोडून कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा मोजावा; तो निघाला, तर आधारच जळतो आहे.