आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक कार्ड? फ्लाइट सिम्युलेटरच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या 'सिम'साठी, कॉम्प्युटर अपग्रेड करायला निघालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "आधी प्रोसेसर बघ, ग्राफिक कार्डाचं नंतर." इतर गेमसाठी हेच उलटं सांगतात, तिथे बजेटचा मोठा वाटा ग्राफिक कार्डावर घाला म्हणतात. सिमच्या बाबतीतच गंगा उलटी का वाहते, याचं मूळ २००३ ते २००६ या तीन वर्षांत आहे. ते माहीत नसेल, तर आजच्या भावात पन्नास-साठ हजार रुपये नको त्या भागावर सहज खर्च होतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९८२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आयबीएम पीसीवर आला. पुढे पीसीच्या नकला बाजारात येऊ लागल्या, तेव्हा नक्कल अस्सलबरहुकूम आहे का हे बघायला लोक हाच प्रोग्राम चालवून पाहत. तो हार्डवेअरला इतका थेट भिडायचा, की मशीनमध्ये काही उणं असेल तर लगेच उघडं पडे. मग दर आवृत्तीला एकच क्रम सुरू झाला. नवी आवृत्ती येई, त्या वेळच्या मशीनवर ती रखडे, दीड-दोन वर्षांत वेगवान प्रोसेसर येई आणि तीच आवृत्ती सुरळीत उडू लागे. बनवणारे आणि उडवणारे, दोघेही याला सरावले. सगळी मदार एका गृहीतकावर होती: प्रोसेसरचा वेग वाढतच राहणार.

आणि तो वाढत होताही. पेंटियम ४ नोव्हेंबर २००० मध्ये दीड गिगाहर्ट्झला आला आणि दोन वर्षांत त्याने तीनचा आकडा ओलांडला. प्रोसेसर बनवणारी कंपनी दहा गिगाहर्ट्झच्या गोष्टी करत होती. याच भराच्या काळात, २००३ मध्ये, फ्लाइट सिम्युलेटर २००४ बाहेर पडला आणि त्यानंतरच्या आवृत्तीचा, म्हणजे एफएसएक्सचा, आराखडा आकाराला आला. जुना मुख्य थ्रेड, म्हणजे कामं एकामागून एक करणारी एकच रांग, तसाच ठेवायचा की कामाची वाटणी नव्याने करायची, हा निर्णय तेव्हाचा. मुख्य थ्रेड तसाच राहिला.

नेमकं इथेच घोडं पेंड खाल्लं. २००४ च्या ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द झाला. उष्णता आवरेना, आणि ती मालिका ३.८ वर थांबली. जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला तो कमी गिगाहर्ट्झचा, पण दोन कोअरचा, म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये काम करणारे दोन भाग असलेला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, एफएसएक्स आला, एका कोअरवर सगळा भार टाकणारा. बाजार एका दिशेला वळला होता आणि सिम दुसऱ्या.

या निर्णयावरून झालेला वाद अजूनही पुरता विझलेला नाही. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं, की दोन कोअरचे प्रोसेसर येणार हे २००५ मध्येच उघड झालं होतं, तरीही दुर्लक्ष झालं. बाजू घेणारे म्हणतात, विमानाचं उड्डाणगणित, कॉकपिटमधली यंत्रणा, हवामान, आसपासची वाहतूक हे सगळं एकाच क्षणाच्या स्थितीवर बेतलेलं असतं. एकाचा निकाल हाती आल्याशिवाय दुसऱ्याचं काम पुढे सरकत नाही. शिवाय त्या वेळच्या डायरेक्टएक्स ९ मध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि ग्राफिक कार्ड यांना जोडणाऱ्या विंडोजच्या दुव्यात, ग्राफिक कार्डाला 'हे काढ, ते काढ' असे हुकूम एकाच थ्रेडवरून सुटत. जमिनीवरच्या घरांचा आणि झाडांचा प्रत्येक गठ्ठा म्हणजे आणखी एक हुकूम. तवा एकच असेल तर लाटायला चार जण बसवून पोळ्या लवकर होत नाहीत.

मला दुसरी बाजू जास्त पटते. सगळंच्या सगळं वाटता येण्यासारखं नव्हतंच. जे वाटता येण्यासारखं होतं, ते मे २००७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने वाटून दाखवलं. जमिनीची चित्रं तयार करण्याचं काम इतर कोअरकडे गेलं आणि चार कोअर असलेल्यांना फरक दिसला: खालची जमीन धूसर राहायची, ती आता वेळेवर स्पष्ट होऊ लागली. फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, मात्र फारशा वाढल्या नाहीत, कारण मुख्य थ्रेड होता तिथेच होता.

खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. खोक्यावर काय छापलं होतं? एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड. एवढ्यावर एफएसएक्स सुरू व्हायचा, उडवता यायचा नाही. प्रोसेसरचा वेग हीच या प्रोग्रामची भूक आहे, कोअरची संख्या नव्हे, हे एक वाक्य खोक्यावर असतं तर हजारो लोकांचे पैसे वाचले असते. ते नसल्यामुळे २००७-०८ मध्ये सिमरांमध्ये उभी फूट पडली. काहींनी २.४ गिगाहर्ट्झचा चार कोअरवाला क्यू६६०० घेतला, काहींनी ३ गिगाहर्ट्झचा दोन कोअरवाला ई८४००. कागदावर पहिला भारी दिसे. न छेडता चालवला तर एफएसएक्समध्ये फ्रेमच्या बाबतीत दुसरा पुढे असे, आणि पहिल्याला त्याच्या बरोबरीला आणायचं तर ओव्हरक्लॉक करणं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, भाग पडे. महागडं ग्राफिक कार्ड घातलेल्यांची निराशा त्याहून मोठी होती. नवं कार्ड निवांत बसून राही आणि फ्रेम होत्या तेवढ्याच येत.

"आधी प्रोसेसर" हा सल्ला तेव्हाचा आहे आणि त्या परिस्थितीत तो शंभर टक्के खरा होता. २००९ च्या जानेवारीत सिम बनवणारा गटच बंद झाला, त्यामुळे मुळातून दुरुस्ती होण्याची आशा संपली. मग लोकांनी 'एफएसएक्स डॉट सीएफजी' ही फाइल हाताने बदलायला घेतली. कुठल्या कोअरने काम करायचं हे ठरवणारा अ‍ॅफिनिटीमास्क, ग्राफिकची स्मृती हाताळणारे बफरपूल्स, असे आकडे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. काहींचा उपयोग होई. बरेचसे एका मशीनला लागू पडत आणि दुसऱ्यावर सिम बंद पाडत. २०११ मध्ये आलेला आय७-२६००के प्रोसेसर सहज साडेचार गिगाहर्ट्झपर्यंत चढे, आणि तेव्हा कुठे पाच वर्षं जुना एफएसएक्स अंगाला नीट बसला.

दरम्यान दुसरी भिंत पुढे आली. एफएसएक्स ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजवरसुद्धा त्याला चार जीबीपलीकडची स्मृती दिसत नसे. बारीकसारीक तपशिलांची बोइंग ७३७ सारखी विमानं, त्यावर तपशीलवार विमानतळ आणि चार-पाच तासांचं उड्डाण, असं सगळं एकत्र आलं की उतरायच्या वेळी स्मृती संपल्याचा संदेश येई आणि सिम बंद पडे. लोकांनी आठाची सोळा जीबी रॅम केली. काही उपयोग नव्हता. रॅम भरपूर होती, प्रोग्रामचा हात तिथवर पोहोचत नव्हता. एक्स-प्लेन हा प्रतिस्पर्धी सिम २०१३ मध्ये ६४ बिटवर गेला. एफएसएक्सच्याच पायावर, परवाना घेऊन, एका संरक्षण उत्पादक कंपनीने पुढे चालवलेला प्रीपेअर३डी मे २०१७ मध्ये ६४ बिटचा झाला, तेव्हा हा त्रास मिटला. त्या दिवसापासून रॅम वाढवण्याला अर्थ आला.

१८ ऑगस्ट २०२० ला फ्लाइट सिम्युलेटर नव्याने आला तेव्हा अनेकांची समजूत झाली, की आता जुनं गणित मोडलं. चित्र इतकं देखणं होतं की भार ग्राफिक कार्डावरच असणार असं वाटावं. आदर्श मशीन म्हणून आरटीएक्स २०८० कार्ड आणि ३२ जीबी रॅम सांगितली होती. पण या सिमच्या डेव्हलपर मोडमध्ये फ्रेमचा आलेख दिसतो आणि अडकलंय कुठे ते तिथे लिहून येतं: 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' (मुख्य थ्रेडमुळे अडलं) किंवा 'लिमिटेड बाय जीपीयू' (ग्राफिक कार्डामुळे अडलं). २००६ मध्ये एवढी एक ओळ असती तर निम्मी भांडणं झालीच नसती.

ती ओळ कशी बदलते, हे मुंबईत उतरताना पाहण्यासारखं आहे. सह्याद्रीवरून उंचावर येताना पडदा ४के असेल तर बहुतेक वेळा 'जीपीयू' लिहिलेलं असतं. ढग काढण्यात कार्ड गुंतलेलं. रनवे २७ साठी ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरच्या इमारतींवर आलं, टर्मिनलवर उभी असलेली विमानं कक्षेत आली, की तीच ओळ 'मेनथ्रेड' होते. फ्रेम कोसळतात त्या तिथे, जमिनीपासून काही शे फुटांवर, हात सर्वांत स्थिर हवा तेव्हा. अशा वेळी ग्राफिकचे सगळे स्लायडर खाली ओढले तरी फरक पडत नाही. वाहतूक कमी करावी लागते, जमिनीच्या आणि वस्तूंच्या तपशिलाचं अंतर कमी करावं लागतं.

म्हणजे सल्ला टिकला, पण त्यामागचं कारण पालटलं. हे सर्वांत ठळक दिसलं एप्रिल २०२२ मध्ये, एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर आला तेव्हा. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, त्याच्याच साध्या भावंडाचा, ५८००एक्सचा, ४.७. ओव्हरक्लॉकही होत नव्हता. जुन्या हिशेबाने तो मागे पडायला हवा होता. पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट स्मृती, ३२ ऐवजी ९६ एमबी होती, आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो स्पष्टपणे पुढे गेला. मुख्य थ्रेडला लागणारी माहिती विखुरलेली असते; ती दर वेळी रॅममधून आणण्यात वेळ जातो, मोठ्या कॅशमध्ये ती जवळच मिळते. गिगाहर्ट्झ मोजायची वीस वर्षांची सवय एका चिपने सोडायला लावली. एएम४ या जुन्या सॉकेटच्या मदरबोर्डवाल्यांना बायोस अपडेट करून तोच बोर्ड, तीच रॅम ठेवता आली. माझ्या मते सिमच्या इतिहासातलं सर्वांत किफायतशीर अपग्रेड हेच.

पुढच्या वर्षीच्या सोळा कोअरच्या ७९५०एक्स३डीने मात्र जुना प्रश्न नव्या रूपात परत आणला. त्यात मोठी कॅश निम्म्याच कोअरना आहे. सिम चुकीच्या निम्म्यात गेलं तर महागडा प्रोसेसर आपल्याच आठ कोअरवाल्या भावंडापेक्षा, ७८००एक्स३डीपेक्षा, मागे पडू शकतो. अ‍ॅफिनिटीमास्कच्या दिवसांसारखी कोअरची हाताने वाटणी करणारे लोक पुन्हा दिसू लागले. सिमपुरतं बोलायचं तर आठ कोअरवालाच बरा.

ग्राफिक कार्डाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही आता पूर्वीइतकं पोकळ राहिलेलं नाही. ४के पडदा किंवा व्हीआर असेल तर कार्ड आधी दमतं, हे उघड आहे. २०२२ च्या अखेरीस फ्रेम जनरेशन आलं. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम कार्डच तयार करतं, मुख्य थ्रेडला न विचारता. फ्रेमचा आकडा त्याने वाढतो. पण स्टिकला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो, आणि त्याच्याबरोबरच्या अपस्केलिंगमुळे, म्हणजे लहान चित्र ताणून मोठं करण्यामुळे, उंची दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीवरचे आकडे पुसट होतात. उपकरणांवर उडणाऱ्याला हे खटकतं.

१९ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या आवृत्तीने तिसरा हिशेब मांडला: व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक कार्डावरची स्मृती. आदर्श मशीनला १२ जीबी व्हीरॅम आणि ६४ जीबी रॅम सांगितली गेली. व्हीरॅम भरून वाहू लागली की फ्रेम हळूहळू उतरत नाहीत, एकदम गळतात; आठ जीबीच्या कार्डावर तपशीलवार विमान आणि मोठा विमानतळ एकत्र आले की हे घडतं. म्हणून आज कार्ड निवडताना त्याच्या वेगाआधी त्यावरची स्मृती बघावी लागते. शिवाय या आवृत्तीत बरंचसं जग इंटरनेटवरून उडता उडता येतं. डिस्कची मागणी १५० वरून ५० जीबीवर आली, पण चांगल्या अनुभवासाठी ५० आणि आदर्श म्हणून १०० एमबीपीएसचं कनेक्शन सांगितलं आहे. तालुक्याच्या गावी बसून उडवणाऱ्याच्या यादीत प्रोसेसरच्या बरोबरीने राउटर आणि फायबरही आलं.

बाजाराने या क्रमात कायम ढवळाढवळ केली आहे. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं दुप्पट भावाने जात होती, तेव्हा प्रोसेसर बदलणंच परवडत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि लॅमिंग्टन रोडपासून सगळीकडे वापरलेली कार्डं स्वस्तात दिसू लागली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. आजवर प्रोसेसर आणि कार्डाच्या भांडणात रॅम हा किरकोळ खर्च होता. आता डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवर जायचं तर मदरबोर्डापेक्षा रॅम महाग पडू शकते, त्यामुळे हाताशी बरी डीडीआर४ आणि एएम४ बोर्ड असलेले सिमर नव्या प्लॅटफॉर्मवर उडी न मारता जुन्या एक्स३डी चिपा सेकंडहँडमध्ये शोधू लागले आहेत. कार्ड मोठं घेणाऱ्यांना एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) बदलावा लागतो. तो खर्च दुकानदाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये अनेकदा धरलेला नसतो, तेव्हा तो आधीच विचारून घ्यावा.