राउंडहाउस किक: पावलाची आणि नडगीची

कराटे किंवा तायक्वांदोच्या क्लासमधून किकबॉक्सिंगकडे वळलेली बरीच मुलं सुरुवातीला गोंधळतात. राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने गोलाकार फिरवून मारायची लाथ, त्यांना येत असते, वरच्या रंगाचे पट्टेही मिळालेले असतात, आणि इथे सर ओरडतात, "पावलाने नको, नडगीने मार!" मुलांना वाटतं, लागायची जागा वीतभर वर सरकवली की झालं. तसं नाही. नाव एक असलं तरी या दोन वेगळ्या किक आहेत, आणि त्यांची ताकदही वेगवेगळ्या ठिकाणाहून येते.

पावलाची किक गुडघ्यावर चालते. आधी गुडघा वर येतो, टाच मांडीच्या मागे जवळजवळ टेकते, गुडघा लक्ष्याकडे रोखला जातो आणि मग त्याच्या खालचा पाय झटक्यात उलगडतो. लागतो तो पावलाचा वरचा भाग. कराटेत बोटं मागे ओढून चवड्यानेही मारतात. लागल्याबरोबर पाय घडी होऊन परत येतो.

नडगीच्या किकमध्ये ही घडी जवळपास नसतेच. मुए थाईचा, म्हणजे थायलंडच्या बॉक्सिंगचा, खेळाडू पुढचं पाऊल तिरकं, थोडं बाहेर टाकतो, त्या पायाच्या चवड्यावर उठतो आणि कंबर अख्खी फिरवतो. मारणारा पाय किंचित वाकलेला आणि सैल असतो, तो कंबरेमागोमाग येतो. झाडावर कुऱ्हाड घालताना नुसतं मनगट नाही, सगळं अंग फिरतं, तसंच हे. ज्या बाजूचा पाय, त्याच बाजूचा हात तोल सांभाळायला खाली-मागे झुलतो. किक हुकली तर खेळाडूची गिरकीच होते, कारण पाय मध्येच थांबवायचा नसतो.

फरक ऐकायचा असेल तर हेवी बॅगजवळ, म्हणजे सरावाच्या टांगलेल्या जड पिशवीजवळ, उभे राहा. पावलाची किक बसली की 'फट्' असा कोरडा आवाज येतो, बॅग थरथरते आणि थोडी डोलते. नडगीची बसली की 'धप्' असा जड आवाज येतो, बॅग मधोमध दबते, नडगी क्षणभर तिच्यात रुतते आणि मग बॅग दूर फेकली जाते.

दोन्ही पद्धती आपापल्या नियमांतून घडल्या आहेत. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत घोट्याच्या खालच्या भागाने मारलेली किकच मोजली जाते आणि कंबरेखाली मारायला बंदी आहे. पायातल्या मोज्यांत आणि छातीच्या चिलखतात सेन्सर असतात. तिथे नडगीने मारून गुण मिळणार नाही, म्हणून पाऊल चपळ झालं. थायलंडच्या रिंगमध्ये मांडीवर मारायला मुभा आहे आणि समोरचा नडगी उचलून किक अडवतो. त्या अडवणीवर पाऊल आदळलं तर मोडणार पाऊलच. जपानच्या क्योकुशिन कराटेत मांडीवर लो किक मारायची मोकळीक आहे, त्यामुळे कराटे असूनही तिथे नडगीची किक रुजली. तेव्हा कराटे म्हणजे पाऊल आणि थाई म्हणजे नडगी, असा सरसकट हिशेब चालत नाही.

1988 साली लास व्हेगासमध्ये रिक रूफस आणि थायलंडचा चांगपुएक कियात्सोंगरित यांची लढत झाली. रूफस अमेरिकन फुल कॉन्टॅक्ट पद्धतीतला होता, तिथे किक कंबरेच्या वरच मारायच्या असतात. या लढतीत लो किकला परवानगी होती. पहिल्याच फेरीत रूफसने चांगपुएकला खाली पाडलं, त्याचा जबडाही मोडला. पण चांगपुएक रूफसच्या मांड्यांवर नडगी घालत राहिला. फेरीगणिक रूफसला उभं राहणं जड होत गेलं आणि अखेर लढत थांबवून चांगपुएकला विजयी ठरवावं लागलं. नवख्या मुलांनी ही लढत जरूर पाहावी. हातांनी आणि उंच किकनी वरचढ असलेला खेळाडू पायांवर कसा हरतो, ते तिथे टप्प्याटप्प्याने दिसतं.

मात्र नडगी म्हणजे लोखंड नव्हे. 2013 च्या डिसेंबरमध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेतल्या लढतीत अँडरसन सिल्वाने ख्रिस वाइडमनला लो किक मारली, वाइडमनने पाय उचलून ती अडवली आणि सिल्वाच्या नडगीचं हाड तिथेच मोडलं. इतक्या मुरलेल्या खेळाडूचं असं होऊ शकतं. तेव्हा नडगी 'कडक' करायला तिच्यावर बाटल्या फिरवायचे किंवा खांबाला लाथा मारायचे प्रकार कुणी सांगितले तरी करू नका. बॅग, पॅड आणि सरावात शिनगार्ड (नडगीवर बांधायचं संरक्षक कवच), एवढं नियमित आणि धीराने केलं तरी पुरतं.

मग पावलाची किक सोडून द्यायची? मला ते अजिबात पटत नाही. ती लांबवर पोहोचते, पाय लगेच परत येतो, आणि गुडघा वर आल्यावर ती समोरून येणार, बाजूने येणार की डोक्यावर जाणार, हे समोरच्याला चटकन कळत नाही. दूर राहून हलका मार करत खेळणाऱ्याला ती उपयोगी पडते. ती वापरू नये अशी जागा म्हणजे मांडी आणि कोपराआड दडलेल्या बरगड्या. पावलात 26 हाडं असतात, बरीचशी बारीक, आणि कोपराच्या टोकावर ती आपटली तर काही आठवडे बसून काढावे लागतात. मांडीवर आणि बरगड्यांवर मारायचं तर नडगीच. डोक्यावर मारताना अंतर बघा: लांब असाल तर पाऊल, जवळ असाल तर नडगी.

कराटेतून आलेल्यांची अडचण बहुतेक वेळा टेकलेल्या पायात असते. त्यांचा मारणारा पाय फिरतो, पण खालचं पाऊल पुरतं वळत नाही, आणि मग कंबर अडते व सगळा ताण गुडघ्यावर येतो. यावर उपाय म्हणजे किक न मारता केलेला सराव. भिंतीला हात टेकवा, पुढचं पाऊल तिरकं टाका आणि टाच लक्ष्याकडे येईपर्यंत चवड्यावर वळा. हे अंगात बसल्यावर मागचा पाय सैल सोडा आणि बॅगला अगदी हळू नडगी टेकवा. जोर सगळ्यात शेवटी लावा.