फिश टँकची मागची काच रंगवताना

टँकमागे भिंत, वायरी आणि फिल्टरची नळी दिसते म्हणून बहुतेक जण पोस्टर लावतात. पोस्टर आणि काच यांत हवेचा पातळ थर उरतो. त्यामुळे मागची काच आतून आरशासारखी चमकते, आणि कधी पाणी सांडलं की कागदावर डाग उमटतात. रंग काचेला थेट चिकटतो, मध्ये हवा राहत नाही. म्हणून रंगवलेली काच खोल, शांत दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: रंग नेहमी काचेच्या बाहेरच्या बाजूने. आतून कधीही नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. पाण्यात रंगाचे पोपडे सुटतात, आणि भिंतीच्या रंगांत बुरशी मारणारी द्रव्यं असतात. ती माशांच्या पाण्यात जायला नकोत.

कोणता रंग? आमची पसंती काळ्याला. निऑन टेट्राची निळी पट्टी, गप्पीची शेपटी, हिरवी रोपं काळ्यावर उठून दिसतात. माशांनाही फरक पडतो. अनेक मासे परिसर पाहून अंगाचा रंग बदलतात. त्वचेतल्या रंगपेशींमधले कण पसरले की मासा गडद, आकसले की फिकट. चारही बाजूंनी उजेड असलेल्या टाकीत मासे फिके आणि बुजरे वाटतात, त्यामागे हेही एक कारण असतं. मात्र ब्लॅक मॉली किंवा काळे एंजल असतील तर ते काळ्यात हरवून जातील. त्यांच्यासाठी मध्यम निळा घ्या. घरी बोअरचं जड पाणी असेल तर पाण्याच्या रेषेवरचे पांढरे डाग काळ्यावर जास्त दिसतात, तेवढी पुसापुशी करावी लागेल.

रंग पाण्याचा, म्हणजे साधं इमल्शन किंवा ॲक्रेलिक. ऑइल पेंट आम्ही वापरत नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही एका टँकला ऑइल पेंट लावून दिला होता. पुढे त्या ग्राहकांना रंग बदलायचा होता, तेव्हा तो खरवडताना काचेवर चरे पडले आणि आम्हाला फार वाईट वाटलं. इमल्शन नको झालं तर ओलं करून ब्लेडने सालीसारखं निघतं. दोन फुटी टँकच्या मागच्या काचेला शंभर मिलीलीटर रंग चार हातांना पुरून उरतो.

टँक रिकामा असतानाच काम करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत 56 लीटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच 56 किलो. भरलेली टाकी भिंतीपासून सरकवली तर सिलिकॉनचे सांधे ताणले जातात. शिवाय एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, रंगाचा वासही त्याबरोबर जातो. मासे आत असतील तर रंगाचा हट्ट सोडा आणि पोस्टरच लावा. काचेला ग्लिसरीनचा हलका हात देऊन वर पोस्टर दाबून बसवा. मधली हवा जाते आणि चमक बरीच कमी होते.

काच आडवी ठेवा. व्हिनेगर आणि पाण्याने पुसून तेलकटपणा काढा, कोरडी होऊ द्या. कडांना मास्किंग टेप लावा. रंग सिलिकॉनवर नीट बसत नाही आणि तिथूनच पोपडे सुटतात. फोमच्या छोट्या रोलरने पातळ हात द्या. पहिला हात पाहून जीव खट्टू होतो, ठिपके आणि पट्टे दिसतात. घाबरून जाड थर देऊ नका, ओघळ येतात. दोन हातांत चार तास जाऊ द्या, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने फिरवा. तीन-चार हातांनंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च टाकीच्या आत ठेवून मागून पाहा. जिथे उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसतील तिथे ब्रशने भरा. टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच ओढा, सुकल्यावर ओढला तर कडेचा रंगही सोबत येतो.

दोन रंगांची छटा हवी असेल तर क्रम उलटा: जे आतून पुढे दिसायला हवं ते आधी रंगवायचं, कारण समोरून पहिलाच थर दिसतो.

टाकी ॲक्रेलिकची असेल तर ब्लेड आणि थिनर दोन्ही वर्ज्य. ब्लेडने चरे पडतात, थिनरने बारीक तडे जातात. अशी टाकी आमच्याकडे आणा, रंग आम्ही लावून देऊ. शेवटचा हात दिल्यावर दोन दिवस टाकी भरू नका.